परदेशातला अभ्यासदौरा शिक्षकांच्या हाती द्या: कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठांचे माननीय कुलगुरू आणि विद्यापरिषदांचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की व्यवस्थापन शिकवणाऱ्या खासगी संस्थांच्या जाहिरातींत 'आंतरराष्ट्रीय अभ्यासदौरा शुल्कात समाविष्ट' अशी ओळ दिसू लागते. दुबई, सिंगापूर, मलेशिया किंवा थायलंड. पाच-सात दिवस, विमान, हॉटेल, जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र. पालकांना ती ओळ आवडते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आपलं मूल जग पाहून येईल, चार लोकांत बोलायला शिकेल, ही इच्छा अगदी रास्त आहे. प्रश्न आहे तो त्या पाच-सात दिवसांत शिकवतं कोण, याचा.

मी कोकणातल्या एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका संस्थेच्या एमबीएच्या मुलांबरोबर दुबईला गेले होते, कारण मुलींसोबत एखादी शिक्षिका हवी होती. सगळा कार्यक्रम ट्रॅव्हल एजंटने आखलेला होता. बुर्ज खलिफा, डेझर्ट सफारी, क्रूझवरचं जेवण, मॉल, आणि एका सकाळी एका कंपनीच्या गोदामाला भेट. गोदामातल्या अधिकाऱ्याने मनापासून माहिती दिली. पण मुलांकडे विचारायला प्रश्नच नव्हते, कारण निघण्यापूर्वी त्यांना कोणी काही वाचायला दिलं नव्हतं. प्रमाणपत्रं तर निघण्याआधीच छापून तयार होती. मुलं हुशार होती, उत्सुक होती. त्यांतल्या एकाच्या वडिलांनी या दौऱ्यासाठी पतपेढीचं कर्ज काढलं होतं, हे मला परतीच्या विमानात कळलं. त्या कर्जाच्या बदल्यात त्याला काय मिळालं, हा प्रश्न मला अजून छळतो, आणि म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

माझी मागणी सरळ आहे. परदेशातला छोटा अभ्यासदौरा ही मोलाची गोष्ट आहे, ती बंद करू नका. पण ती एजंटच्या हातून काढून विषय शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाती द्या, तिला अभ्यासक्रमात जागा द्या, आणि ज्यांच्या घरी पैसे नाहीत त्या मुलांनाही ती मिळेल अशी व्यवस्था करा.

दुबईला जाण्यालाच माझा विरोध आहे असं कृपया समजू नका. उलट, वाणिज्य, अर्थशास्त्र आणि इतिहासाच्या मराठी विद्यार्थ्याला दुबईइतकं जवळचं शहर दुसरं क्वचितच सापडेल. तिथल्या मोत्यांचा व्यापार एके काळी मुंबईच्या बाजारावर चालत असे आणि जपानी कृत्रिम मोत्यांनी तो मोडला. आपला रुपया तिथे रोजच्या व्यवहाराचं चलन होता. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या, आणि १९६६ मध्ये आपल्याकडे रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर दुबईने त्या सोडल्या. दुबईत तेल सापडलं तेही १९६६ मध्येच. पण खाडीतला गाळ काढून मोठ्या बोटींना वाट करून देण्याचं काम त्याआधीच, कर्ज काढून, झालं होतं. पुढे १९७९ मध्ये जेबेल अलीचं बंदर सुरू झालं, १९८५ मध्ये त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र आलं. बंदर आधी आणि त्याभोवती उद्योग नंतर, हा क्रम त्यांनी का निवडला? आपल्या न्हावाशेव्याच्या बंदराशी त्याची तुलना कशी करायची? आठवडाभराच्या मुक्कामात एका वर्गाला एवढे प्रश्न पुरून उरतात.

आणि माणसं तर आपलीच आहेत. खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन या भागांतली कितीतरी घरं गेल्या दोन-तीन पिढ्या आखातातल्या कमाईवर उभी राहिली. माझ्या वर्गातल्या अनेक मुलांचे काका-मामा तिथे नोकरी करतात. जाण्याआधी याच मुलांनी आपल्या गावात परत आलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या असत्या, आणि मग दुबईत जाऊन कामगारांच्या वसाहती, पैसे पाठवणारी दुकानं, देरा या जुन्या भागातला सोन्याचा बाजार पाहिला असता, तर पाहणं आणि समजणं एकत्र झालं असतं. आमच्या बसने देराचा पूल ओलांडला तेव्हा गाइड मॉलमधल्या सवलतींची माहिती देत होता.

आठ-पंधरा दिवसांत काय शिकून होणार, असं आपल्यापैकी काही जण म्हणतील. ही शंका मी विद्यापीठाच्या बैठकांतही ऐकली आहे. पण कमी दिवस हा या दौऱ्यांचा खरा दोष नाही. अमेरिकेत १९२३ साली डेलावेअर विद्यापीठाचे फ्रेंचचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीने फ्रान्सला गेले. अमेरिकेतल्या विद्यापीठीय परदेश-शिक्षणाची ही सुरुवात मानली जाते, आणि तो कार्यक्रम वर्षभराचा होता. आज चित्र पालटलं आहे. अमेरिकेतून शिकायला बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आठ आठवडे किंवा त्याहून कमी काळासाठी जातात, आणि त्यांतले पुष्कळ जण आपल्याच प्राध्यापकाबरोबर. हा प्राध्यापक जानेवारीत किंवा उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना नेतो, पण शिकवणी त्याआधीच सुरू झालेली असते. वाचन तोच ठरवतो, परीक्षा तोच घेतो, आणि गुण विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर चढतात.

युरोपने याला नियमांची चौकट दिली आहे. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतल्या छोट्या गहन कार्यक्रमांत प्रत्यक्ष मुक्काम ५ ते ३० दिवसांचा असतो, निदान तीन देशांतल्या तीन संस्था एकत्र याव्या लागतात, ऑनलाइन अभ्यासाचा भाग सक्तीचा असतो आणि किमान ३ श्रेयांक (क्रेडिट) द्यावे लागतात. मुक्काम पाच दिवसांचाही चालतो. त्याच्या आगेमागे अभ्यास नसेल तर मात्र चालत नाही.

हे सगळं दूरच्या देशांतलं आहे, असंही मानायचं कारण नाही. आपल्या जामखेडला पाहा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. गावातल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळदा दलित कुटुंबांतल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सार्वजनिक आरोग्य शिकणारे परदेशी विद्यार्थी आजही जामखेडला येऊन राहतात आणि त्या सेविकांकडून शिकतात. ते येताना वाचून येतात, वह्या भरून नेतात. आपल्या किती विद्यापीठांनी आपली मुलं जामखेडला पाठवली? परदेशात जायचं ते इथलं काही नाही म्हणून नव्हे, हे मुलांना आधी कळलं पाहिजे. म्हणून माझ्या मते परदेशदौऱ्याचा प्रत्येक अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्याच एखाद्या ठिकाणी सुरू व्हावा.

आता मी माझ्या विषयापुरतं एक उदाहरण थोडं सविस्तर मांडते, म्हणजे मला काय हवं आहे ते स्पष्ट होईल.

मॉरिशस. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाचं जहाज पोर्ट लुईला लागलं आणि ३६ भारतीय मजूर उतरले. गुलामगिरी संपत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पुढच्या काही दशकांत करारावर आणलेले सुमारे साडेचार लाख मजूर त्या बेटावर आले. बहुतेक बिहार आणि आसपासच्या प्रदेशांतले, काही तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी, मुख्यतः कोकणातले. ते जिथे उतरत ती जागा, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. चढून वर जायच्या तिथल्या सोळा दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत. त्या लोकांच्या वंशजांच्या घरांत आज क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा बोलली जाते. तरी शाळेत मराठी हा विषय आहे, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते.

इतिहासाच्या किंवा मराठीच्या विद्यार्थ्याने इथे जाण्यापूर्वी काय करावं? मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. परदेशी जाणाऱ्या मजुरांविषयीचा मुंबई सरकारचा पत्रव्यवहार तिथून सुरुवात करून वाचता येतो. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमधली लोकसंख्येची आणि स्थलांतराची पानं वाचता येतात. एक सत्र असं गेलं की मुलांकडे स्वतःचे प्रश्न तयार होतात. कोणी विचारील, बायका किती गेल्या आणि कशा गेल्या. कोणी विचारील, जहाजावर आणि मळ्यावर जातीचं काय झालं. कोणाला भाषेत रस असेल, कोणाला देवळांत, कोणाला उसाच्या अर्थकारणात. मग तेरा-चौदा दिवसांचा मुक्काम. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. नाव, वय, गाव, उंची, अंगावरची खूण, पुढे पुढे तर छायाचित्रसुद्धा. त्या कोणालाही सहज हाताळायला मिळत नाहीत. आधी पत्रव्यवहार करावा लागतो, कारण सांगावं लागतं, परवानगी मिळवावी लागते. नेमकं हेच काम एजंट करू शकत नाही आणि इतिहासाचा शिक्षक करू शकतो. मुंबईच्या कागदांतून निघून गेलेला माणूस मोका इथल्या वहीत उतरलेला दिसणं, हे मुलांनी एकदा अनुभवलं की दस्तऐवज म्हणजे काय ते वर्गात वेगळं समजवावं लागत नाही.

तिथल्या मराठी मंडळींकडे जाताना मुलांची तयारी आणखी एका बाबतीत करून घ्यावी लागेल. तुम्ही अजून किती मराठी उरला आहात, असं तपासायला आपण गेलेलो नाही. ती एका स्वतंत्र देशाची नागरिक माणसं आहेत, त्यांचा इतिहास त्यांचा आहे. आपण ऐकायला जायचं. त्यांच्या विद्यार्थ्यांशी दौऱ्याच्या आधी ऑनलाइन गाठीभेटी व्हाव्यात, आणि पुढच्या वर्षी त्यांनी इकडे यावं, आपण त्यांची राहण्याची सोय करावी. जाणंयेणं दोन्हीकडून असेल तरच ते टिकतं. आणि हो, एक दिवस ल मोर्नच्या डोंगराकडेही काढावा. पळून गेलेले गुलाम तिथे आसरा घेत. आपल्या मजुरांची कहाणी त्यांच्या कहाणीशिवाय अर्धी राहते.

भूगोलाचे, कृषी-अर्थशास्त्राचे, स्थापत्य अभियांत्रिकीचे माझे सहकारी आपापल्या विषयांसाठी अशीच ठिकाणं सुचवतील. नेपाळ, श्रीलंका, व्हिएतनाम हे देश जवळ आहेत, तुलनेने स्वस्त आहेत, आणि आपल्याला शिकवण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ आहे. ठिकाण विषयाने ठरवावं, एवढंच.

आता नियमांचं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपण श्रेयांकांची रचना बदलली. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचे ऐच्छिक विषय, आले, फील्ड प्रोजेक्ट आला. वर्गातल्या पंधरा तासांना एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाच्या तीस तासांना एक, हे गणित ठरलेलं आहे. तेव्हा दौऱ्यापूर्वीचं सत्रभराचं अध्यापन, प्रत्यक्ष क्षेत्रकार्य आणि परतल्यावरचा अहवाल मिळून चार श्रेयांकांचा अभ्यासक्रम सहज बसतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय सहकार्यासाठी स्वतंत्र मंडळ दिलेलं आहे. या मंडळाने सामंजस्य करारांवर सह्या आणि छायाचित्रं यांपलीकडे जाऊन असे अभ्यासक्रम उभे करावेत, ही अपेक्षा गैर नाही.

शिक्षकाचाही विचार करा. आज सोबत जाणारा शिक्षक म्हणजे हजेरी घेणारा, पासपोर्ट सांभाळणारा आणि जेवणाची कुपनं वाटणारा माणूस. ठरावीक विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाचा प्रवास फुकट, असा एजंटांचा व्यवहार असतो, आणि त्यामुळे शिक्षकाचं हित मुलं गोळा करण्यात गुंतवलं जातं. हे ताबडतोब थांबलं पाहिजे. शिक्षकाचा खर्च विद्यापीठाने करावा, दौऱ्याच्या तयारीचे तास त्याच्या कार्यभारात धरावेत, आणि तो काळ कर्तव्यरजेचा समजावा. तिकिटं आणि हॉटेल यांचं काम एजंटने खुशाल करावं, पण निविदा काढून, आणि कार्यक्रम शिक्षकाने दिलेला. खर्चाचा ताळेबंद परतल्यावर महिन्याभरात विद्यार्थ्यांसमोर ठेवावा.

सुरक्षेबाबत मी जास्त लिहीत नाही, कारण नियम स्पष्ट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांत 'परिसर' या संज्ञेत अभ्यासदौरे आणि सहली येतात. म्हणजे परदेशातल्या हॉटेलात घडलेल्या घटनेचीही जबाबदारी संस्थेची आणि तिच्या अंतर्गत तक्रार समितीची आहे. किती दौऱ्यांपूर्वी मुलींना हे सांगितलं जातं? समितीतल्या कोणाला फोन करायचा, तो क्रमांक त्यांच्याकडे असतो का? किमान दोन शिक्षक, त्यांत एक स्त्री, सर्वांचा वैद्यकीय विमा, आणि रात्री दोन वाजता एखाद्याला ताप भरला तर काय करायचं याची आधी झालेली उजळणी, एवढं नसेल तर दौऱ्याला मंजुरीच देऊ नये.

सर्वांत कळीचा मुद्दा पैशांचा आहे. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशात पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. करण्याची संधी देते. या योजनेचं महत्त्व मी जाणते. पण तिथवर पोचणारा विद्यार्थी आधीच जगाशी बोलायला शिकलेला असतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली, वाडीवरून दोन एस.टी. बदलून येणारी मुलगी त्या अर्जापर्यंत पोचावी, तिला असा अर्ज आपण करू शकतो असं वाटावं, यासाठी आपल्याकडे काहीच नाही. अमेरिकेत गिलमन शिष्यवृत्ती आहे. सरकारी अनुदानावर शिकणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांसाठीच ती आहे, आणि काही आठवड्यांच्या दौऱ्यांसाठीही मिळते. आपल्याकडेही २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतल्या २५ मुलांना नासाभेटीसाठी निवडलं. जिल्हा परिषद जे करू धजते ते कोट्यवधींच्या ठेवी बाळगणारी विद्यापीठं का करू शकत नाहीत? प्रत्येक तुकडीत निदान एकतृतीयांश जागा पूर्ण खर्चासह अशा मुलांसाठी राखा. निवड करताना इंग्रजी बोलण्याची सफाई पाहू नका, विद्यार्थ्याने लिहिलेला प्रश्न पाहा.

खर्चाच्याही आधी एक अडसर आहे, तो पासपोर्टचा. शुल्क १५०० रुपये आहे, पण खरी अडचण कागदांची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आईचं नाव एकीकडे एक आणि दुसरीकडे वेगळं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाची पोलीस पडताळणी गावी होते आणि तो तिथे नसतो. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असणाऱ्या पर्यटकांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, हेही अनेकांना माहीत नसतं. महाविद्यालयांत मतदार नोंदणीची शिबिरं होतात, तशी पासपोर्टची व्हावीत. दौऱ्यावर न जाणाऱ्या मुलांनाही त्याचा उपयोग आहे. युरोपात न्यायचं असेल तर तिथल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या नियमांत अभ्यासासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचे शिक्षक यांना शुल्कमाफी आहे, ही गोष्टही एजंटच्या माहितीपत्रकात मला कधी दिसली नाही. विद्यापीठाच्या कार्यालयाने ती माहीत करून घ्यावी.

महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली, आणि १९१६ मध्ये आपल्याकडे महिलांचं पहिलं विद्यापीठ उभं राहिलं. स्वतः कर्वे जपानला गेले ते पुष्कळ नंतर. आधी वाचन, विचार, आणि मग प्रवास, या क्रमाची आपल्याकडे परंपरा आहे.

माझी ठोस विनंती अशी: येत्या विद्यापरिषदेच्या विषयपत्रिकेवर 'शिक्षकांच्या नेतृत्वाखालील अल्पकालीन परदेश अभ्यासक्रम' हा विषय घ्यावा. मॉरिशसच्या अभ्यासक्रमाचा मसुदा, वाचनसूची आणि मूल्यमापनाची पद्धत मी तयार केली आहे. आपण मागाल तेव्हा पाठवीन. पहिली तुकडी बारा विद्यार्थ्यांची पुरे. वेळ दिवाळीच्या सुटीची योग्य ठरेल. तेव्हा तिथे ऊसतोडणीचा हंगाम चालू असतो, आणि २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाचा दिवस म्हणून सार्वजनिक सुटी असते, आप्रवासी घाटावर कार्यक्रम होतात. त्या दिवशी आपली मुलं तिथे हवी असतील, तर मंजुरी मार्चपूर्वी व्हायला हवी, मोका इथल्या अभिलेखागाराला परवानगीचं पत्र एप्रिलमध्ये जायला हवं, आणि पासपोर्टचे अर्ज जूनमध्ये, महाविद्यालय उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात, भरायला हवेत.

आपली नम्र,
इतिहासाची एक प्राध्यापिका, कोकण